गाडी निघाली म्हणून ती थांबेल का? हिमावरचा पिकअप, मागचा ट्रेलर आणि आपलं अनुमान



आजचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसांचं गाड्यांच्या दुनियेत काय काम? प्रश्न रास्त आहे. पण या व्याख्यानमालेचे बरेच श्रोते मिशिगन, मिनेसोटा, ओंटारिओ, अल्बर्टा अशा थंड भागांत राहतात. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बाजार समितीत भाजी घेऊन येणारी गाडी डोळ्यांपुढे येते. तिकडे पिकअप म्हणजे पुष्कळ घरांतली रोजची गाडी. पुढे पाच माणसं बसतात, मागे उघडा हौदा असतो, आणि त्याच्याही मागे ट्रेलर जोडून लोक घोडे, गुरं, घरसामान, स्नोमोबिल असं काय काय नेत असतात. हिवाळा आला म्हणून हे थांबत नाही. स्नोमोबिल तर हिवाळ्यातच न्यायची.

अशी गाडी हातातून गेली की आपण म्हणतो, ‘घसरली’. जणू घसरायचं गाडीनेच ठरवलं. थोडं मागे जाऊन बघितलं, तर पुष्कळदा घसरण्याच्या आधी डोक्यात एक वाक्य तयार झालेलं सापडतं: ‘गाडी छान निघाली, छान चालली आहे, तेव्हा ती छान थांबेलही.’ हे वाक्य म्हणजे एक अनुमान आहे, आणि ते चुकीचं आहे. अनुमान कुठे चुकतं हे बघणं हा तर आमचा जुना धंदा. म्हणून आज आपण हे एकच वाक्य घेऊन बसणार आहोत.

पकडीचा खिसा एकच

आधी शब्दांची सोय करून घेऊ. मराठीत आकाशातून भुरभुरतं तेही बर्फ आणि पाणी गोठून होतो तोही बर्फ. रस्त्यावर मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून भुरभुरतं त्याला आपण हिम म्हणू, आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ.

टायर आणि रस्ता यांच्यात जे घर्षण असतं तीच आपली पकड. इंजिन कितीही ताकदीचं असो, ब्रेक कितीही भारी असोत, शेवटी सगळा व्यवहार टायरांच्या तळव्यांतून होतो. टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण आपल्या पंजाएवढा असतो. असे चार पंजे, आणि त्यांच्यावर अडीच टनांची गाडी.

ही पकड एका आकड्यात सांगता येते. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. गाड्यांनी दाबून टाकलेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो. चकचकीत बर्फावर ०.१, कधी त्याहूनही कमी. आता गणित करून बघा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ब्रेक लागल्या क्षणापासून, कोरड्या रस्त्यावर साधारण २० मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या हिमावर तिला ७० मीटर लागतात. बर्फावर १४० मीटर. शिवाय डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात आणखी २५ मीटर संपलेले असतात.

यातली दिलासा देणारी बाजूही लक्षात घ्या. वेग निम्मा केला की थांबण्याचं अंतर पाव होतं. म्हणजे ताशी ३० ला बर्फावर १४० च्या ऐवजी ३५ मीटर. हिवाळ्यात आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं साधन हेच, आणि ते फुकट आहे.

थंडी जास्त म्हणजे घसरण जास्त, असं आपल्याला सहज वाटतं. तसं नाही. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो बर्फ सगळ्यात निसरडा. उणे वीसला तोच बर्फ थोडा खरखरीत लागतो. पण तिथे दुसरी अडचण येते. रस्त्यावर टाकतात ते साधं मीठ साधारण उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही, मग वाळू किंवा बारीक खडी टाकावी लागते. पुलावरचा रस्ता आधी गोठतो, कारण त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो. आणि ज्याला तिकडे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात तो काळा नसतोच. तो इतका पारदर्शक असतो की खालचं डांबर दिसतं आणि आपल्याला वाटतं, रस्ता फक्त ओला आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. पकडीचा खिसा एकच असतो. वेग वाढवायचा तर त्यातूनच, थांबायचं तर त्यातूनच, वळायचं तरी त्यातूनच. वळणावर असताना जोरात ब्रेक दाबला, की वळायला लागणारी पकड ब्रेक खाऊन टाकतो. चाक एकदा पूर्ण अडकून नुसतं सरकायला लागलं, की ते फक्त सरकण्याच्या उलट दिशेने ओढतं. मग स्टिअरिंग कुठेही फिरवा, गाडी सरळच जाते. एबीएस नावाची व्यवस्था चाक असं अडकू देत नाही. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पण एबीएस खिसा मोठा करत नाही. भुसभुशीत हिमावर तर एबीएसमुळे थांबण्याचं अंतर थोडं वाढूही शकतं, कारण अडकलेलं चाक आपल्यापुढे हिमाचा ढीग जमवतं आणि त्याचा अडसर होतो. फिरतं चाक तो जमू देत नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह काय करतो आणि काय करत नाही

रिकाम्या पिकअपची रचना बघा. इंजिन पुढे, माणसं पुढे, मागचा हौदा मोकळा. वजनाचे साधारण ६० टक्के पुढच्या चाकांवर, उरलेले मागच्या. आणि बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची ताकद मुळात मागच्या चाकांना जाते. म्हणजे ज्या चाकांनी ढकलायचं त्यांच्यावरच भार कमी. म्हणून रिकामा पिकअप हिमावर जागच्या जागी चाकं फिरवतो. जुने लोक यासाठी मागच्या आसाच्या वर वाळूची पोती ठेवून ती बांधून टाकतात. पोती बांधायची हे महत्त्वाचं, कारण अपघातात सुटं पोतं पुढे धावतं.

फोर-व्हील ड्राइव्ह लावला की ताकद चारही चाकांना वाटली जाते. दोन पंजांऐवजी चार पंजे ढकलायला लागतात. गाडी रुतलेल्या जागेतून निघते, चढ चढते. ही सोय खरीच मोठी आहे.

पण ब्रेकचं काय? ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना आधीपासूनच असतात. साधी गाडी असो की फोर-व्हील ड्राइव्ह असो, थांबताना चारच पंजे कामाला लागतात. त्यामुळे थांबण्याच्या अंतरात फोर-व्हील ड्राइव्हने काहीही भर पडत नाही. वळणावरची पकडही त्याने वाढत नाही. तो एकाच कामात मदत करतो: निघण्याच्या आणि चालण्याच्या.

थांबण्यात आणि वळण्यात फरक पडतो तो टायरने. साध्या टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, आणि त्याच्या खाचा हिम धरून ठेवतात. अशा टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. फोर-व्हील ड्राइव्ह असला म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

धूर, अग्नी आणि ओलं सरपण

आता आपण आमच्या अंगणात येऊ. न्यायशास्त्रातलं धूर आणि अग्नीचं उदाहरण तुम्ही ऐकलेलं असेल. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. पण उलटं करून बघा. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येईल का? आपल्या चुलीपुरतं बघितलं तर वाटेल, हो. पण लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होता? कारण सरपण ओलं होतं. नैयायिक या लपलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी हजर असते तोवर चुकीची व्याप्तीही बरोबर वाटते. ती गेली की अनुमान कोसळतं.

आपलं वाक्य आता या कसोटीला लावू. ‘जी गाडी छान निघते ती छान थांबते.’ कोरड्या रस्त्यावर वीस-तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे कायम खरं ठरलेलं दिसतं. का? कारण कोरड्या रस्त्यावर पकड इतकी असते, की निघायलाही पुरते आणि थांबायलाही. ही भरपूर पकड म्हणजे आपलं ओलं सरपण. ती इतकी नेहमीची झालेली असते की अट म्हणून आपल्या लक्षातच येत नाही.

आकड्यांनी बघू. शून्यापासून ताशी ६० पर्यंत अर्ध्या मिनिटात सावकाश जायला किती पकड लागते? सुमारे ०.०६. बर्फ ०.१ देतोय. म्हणजे चारही चाकं ढकलत असतील तर बर्फावरसुद्धा गाडी कुठेही न घसरता आरामात ६० ला पोचते. आता समोर ४० मीटरवर हरीण आलं. थांबायला किती लागेल? सुमारे ०.३५. बर्फाकडे तेवढी नाहीच. निघताना आपण खिशातून थोडेच पैसे काढले, म्हणून खिसा भरलेला आहे असं वाटलं. थांबायची वेळ म्हणजे सगळी रक्कम एकदम मागण्याची वेळ, आणि खिसा किती रिकामा आहे हे तेव्हा कळतं.

फोर-व्हील ड्राइव्हचा धोका नेमका इथे आहे. साधी गाडी निघतानाच चाकं फिरवते, मागून जराशी सरकते, आणि रस्ता निसरडा असल्याचं चालकाला सांगून टाकते. चार चाकांनी निघणारी गाडी ही सूचना गिळून टाकते. रस्ता तसाच आहे, फक्त तो कसा आहे हे कळण्याची एक खूण गेली.

मग ती खूण आपण मुद्दाम मिळवायची. मागेपुढे कुणी नसताना, सरळ रस्त्यावर, कमी वेगात ब्रेक हलकेच दाबून बघायचा. एबीएसची धडधड पायाला लवकर जाणवली, तर रस्त्याने उत्तर दिलं. थांबण्याबद्दलचा प्रश्न थांबूनच विचारावा लागतो. निघण्याच्या अनुभवातून त्याचं उत्तर मिळत नाही.

मागे ट्रेलर लागला की

इथपर्यंत एकटा पिकअप होता. आता मागे ट्रेलर जोडू.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना पुढची गोष्ट लगेच समजेल. गाडीत माल भरताना तो नुसता चढवून चालत नाही. सगळा भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. भार थोडा पुढे हवा, म्हणजे जू बैलांच्या मानेवर बसून राहतं. ट्रेलरचंही तसंच. ट्रेलरच्या एकूण वजनाचे साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे पिकअपच्या हिचवर यायला हवं. त्याहून कमी आलं, म्हणजे माल मागे लादला गेला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. कोरड्या रस्त्यावर हे डोलणं भीतिदायक असतं. हिमावर ते गाडीला रस्त्याबाहेर नेतं.

गंमत अशी, की हिचवर आलेलं हे वजन पिकअपच्या मागच्या चाकांवर दाब वाढवतं. मागची चाकं आता कमी फिरतात, गाडी जास्त ऐटीत निघते. त्याच वेळी तरफेसारखी पुढची चाकं थोडी हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड घटते. म्हणजे ट्रेलर लावल्यावर निघणं सुधारल्यासारखं वाटतं, आणि वळणं व थांबणं दोन्ही बिघडलेलं असतं. आपलं चुकीचं अनुमान आता दुप्पट मोहक होतं.

थांबताना ट्रेलर काय करतो? त्याला स्वतःचा वेग आणि स्वतःचं वजन आहे. पिकअपने ब्रेक लावला, आणि ट्रेलरने पुरेसा लावला नाही, तर ट्रेलर मागून ढकलतो. पिकअप किंचित तिरका असेल आणि त्याच्या मागच्या चाकांची पकड सुटली, तर चाकूचं पातं मुठीत मिटावं तशी जोडी मध्येच मिटते. याउलट ट्रेलरचे ब्रेक फार कडक लावलेले असतील, तर त्याची चाकं अडकतात आणि ट्रेलरच बाजूला झोकांडी घेऊन शेजारच्या लेनमध्ये शिरतो.

म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. हे ब्रेक बहुधा विजेवर चालतात. त्यांचा जोर किती असावा हे चालकासमोरच्या ब्रेक कंट्रोलरवर ठरवता येतं. कोरड्या रस्त्यासाठी ठरवलेला जोर हिमावर जास्त होतो, कारण चाकं अडकायला आता थोडाच ब्रेक पुरतो. निघण्यापूर्वी मोकळ्या सरळ जागेत, अगदी हळू जाताना, कंट्रोलरचा हातातला दांडा दाबून बघायचा. ट्रेलर मागे ओढतोय असं जाणवलं पाहिजे, आणि चाकं मात्र फिरत राहिली पाहिजेत.

सहा टक्क्यांचा उतार

आता एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ, कारण जीव जातो तो इथे.

पिकअप २,५०० किलोंचा, ट्रेलर ३,००० किलोंचा. उतार ६ टक्के, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर खाली. अमेरिकेतल्या डोंगरी महामार्गांवर असा उतार नवलाचा नाही. रस्त्यावर बर्फ, घर्षणांक ०.१.

सगळे ब्रेक नीट चालतात असं धरू. खिशात ०.१ आहे. त्यातले ०.०६ नुसता वेग वाढू नये म्हणून उतारच घेऊन टाकतो. थांबण्यासाठी उरतात ०.०४. ताशी ४० वेगाने उतरत असू, तर थांबायला सुमारे १६० मीटर लागतील. कोरड्या सपाट रस्त्यावर त्याच वेगाला ९ मीटर लागले असते.

आता असं धरा, की ट्रेलरचे ब्रेक चालत नाहीत. मिठाच्या पाण्याने जोडणीच्या पिना गंजल्या आहेत, किंवा प्लग नीट बसलेला नाही. मग साडेपाच हजार किलोंना फक्त पिकअपच्या टायरांनी आवरायचं. पिकअपच्या अडीच हजार किलोंत हिचवरचे तीन-साडेतीनशे किलो धरले, तरी पूर्ण जोडीच्या हिशेबाने पकड भरते सुमारे ०.०५. उताराची मागणी ०.०६. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला आहे, चालकाने सगळं बरोबर केलं आहे, आणि तरीही वेग वाढतोय. इथे कौशल्य चालत नाही. निसर्गाचा हिशेब पुरा झालेला असतो.

याच गाडीने तोच चढ थोड्या वेळापूर्वी आरामात चढलेली असू शकते, बरं का. चढणाऱ्या बाजूला ऊन आणि खडी असेल, उतरणाऱ्या बाजूला सावली आणि बर्फ.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात डॉनर खिंडीजवळ महामार्ग सुमारे २,२०० मीटर उंचीवरून जातो. तिथे हिवाळ्यात चाकांना साखळ्या लावण्याचे नियम लागू होतात. हिवाळी टायरवाल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांना पहिल्या दोन पायऱ्यांवर सूट असते, साखळ्या फक्त जवळ बाळगाव्या लागतात. पण मागे ट्रेलर असला की ही सूट संपते. ओढणाऱ्या गाडीच्या एका चालत्या आसावर साखळ्या हव्यात, आणि ट्रेलरला ब्रेक असतील तर त्याच्याही एका आसावर हव्यात. ट्रेलरची चाकं तर काहीच ओढत नाहीत, मग त्यांना साखळ्या कशाला? थांबण्यासाठी. नियम करणाऱ्यांनी निघणं आणि थांबणं हे दोन वेगळे प्रश्न धरले आहेत.

ठाऊक असणं आणि जमणं

गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात एक भेद मांडला. एखादी गोष्ट तशी आहे हे ठाऊक असणं वेगळं, आणि ती कशी करायची हे जमणं वेगळं. पोहण्यावरचं पुस्तक पाठ असलं म्हणून कुणी तरंगत नाही.

तेव्हा आजचं व्याख्यान ऐकून तुम्हाला हिमावर ट्रेलर ओढता येईल, असं आम्ही म्हणणार नाही. पहिल्या हिमवर्षावानंतर एखाद्या मोकळ्या वाहनतळावर, परवानगी घेऊन, आधी एकटा पिकअप आणि मग रिकामा ट्रेलर लावून, पायी चालण्याच्या वेगात थांबून आणि वळून बघा. पायाला आणि कंबरेला ते कळू द्या. पण जमलं म्हणून ठाऊक असण्याची गरज संपत नाही, ही दुसरी बाजूही लक्षात ठेवा. हाताला जमलेलं कौशल्य ओळखीच्या रस्त्यावर तयार होतं. रस्ता बदलल्याची खबर हाताला उशिरा लागते. डोक्याने ती आधी द्यावी लागते.

निर्णय नेमका कुठे असतो

अॅरिस्टॉटल नीतिशास्त्रात दगडाचं उदाहरण देतो. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही. पण तो फेकणं किंवा न फेकणं आपल्या हातात होतं, म्हणून जबाबदारी आपलीच. हिमावरचा ट्रेलर हा तसा दगड आहे. उताराच्या मध्यावर ‘आता काय करू?’ हा प्रश्न पुष्कळदा उशिराचा असतो. खरा निर्णय उताराच्या माथ्यावर होता, आणि त्याहून खरा घराच्या अंगणात.

अंगणातले निर्णय असे: माल पुढे-मागे नीट लादला आहे का. सुरक्षा साखळ्या हिचखाली एकमेकींवरून ओलांडून अडकवल्या आहेत का. प्लगमधल्या पिना स्वच्छ आहेत का, दिवे लागतात का. ट्रेलर ओला उभा केला असेल तर रात्री ब्रेक आतून गोठतात. म्हणून निघाल्यावर दहा-वीस फुटांतच आरशात बघायचं, ट्रेलरची चाकं फिरताहेत की नुसती फरपटताहेत. छतावर साचलेलं हिम काढायचं. ते वजन वाढवतं, आणि त्याचा पत्र्याएवढा तुकडा उडून मागच्याच्या काचेवर जाऊ शकतो. गाडीत फावडं, वाळू, पांघरुणं, पाणी ठेवायचं. वाटेत अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली, तर सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेलं हिम आधी उतरून बाजूला करायचं. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो.

माथ्यावरचे निर्णय असे: वेग उतार सुरू होण्याआधीच कमी करायचा, खालचा गिअर वरच घ्यायचा. क्रूझ कंट्रोल बंद. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर, आणि ट्रेलर असेल तर त्याहून जास्त.

आणि सगळ्यांत आधीचा निर्णय: आज जायलाच हवं का? घोडा उद्या पोचला तर काय बिघडेल? या प्रश्नाला लोक भित्रेपणा समजतात. अॅरिस्टॉटलच्या हिशेबात धैर्य हे भित्रेपणा आणि बेफिकिरी यांच्या मधलं आहे, आणि ते मधलं ठिकाण रस्ता, भार आणि वेळ बघूनच ठरतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: ट्रेलर डोलायला लागला तर नेमकं काय करायचं?

उत्तर: अॅक्सिलरेटर सावकाश सोडायचा. स्टिअरिंग सरळ धरायचं, डोलण्याच्या उलट झटके द्यायचे नाहीत. पिकअपचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर कंट्रोलरचा दांडा हळूच दाबून फक्त ट्रेलरला मागे ओढू द्यायचं, म्हणजे जोडी ताणून सरळ होते. निसरड्या जागी हेही अगदी हलक्या हाताने. नंतर थांबून माल तपासायचा, कारण डोलणं हे बहुधा लादण्यातल्या चुकीचं लक्षण असतं.

प्रश्न: आपल्याकडे म्हणतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हिमावरही तेच ना?

उत्तर: सह्याद्रीच्या घाटात हा सल्ला सोन्यासारखा आहे, कारण तिथे भीती ब्रेक तापण्याची असते. हिमावरही खालचा गिअर हवा, पण तो आधीच, वेग अगदी कमी असताना घ्यायचा. उतारावर मध्येच एकदम खालचा गिअर टाकला, किंवा डिझेल गाडीचा एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवला, तर इंजिन फक्त चालत्या चाकांना अडवतं. ती मागची असतील तर मागची पकड सुटते आणि ट्रेलर ढकलायला तयारच असतो. सल्ला तोच, पण त्यामागची अट बदलली. पुन्हा आपलं ओलं सरपण.

प्रश्न: म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह घेऊच नये का?

उत्तर: जरूर घ्यावा. कोरड्या रस्त्यावर मात्र जुन्या पद्धतीचा, पुढचे-मागचे आस जखडणारा फोर-व्हील ड्राइव्ह लावू नये, वळणावर यंत्रणेवर ताण येतो. हिमात तो निघायला आणि चढायला मदत करेल. फक्त त्याने दिलेलं प्रमाणपत्र नीट वाचा. त्यावर ‘गाडी निघाली’ एवढंच लिहिलेलं आहे. थांबण्याचा दाखला टायर, ट्रेलरचे ब्रेक आणि तुमचा वेग देतात, आणि तो रोज सकाळी नव्याने घ्यावा लागतो.

वेळ झाली आहे, इथे थांबू.